कच्ची भिंत

लोमास दारात आला तेव्हा ईनॉक स्टॅनिफोर्थ शेगडी पेटवत होता. हवाई हल्ल्यांच्या वेळी गल्ली सांभाळणाऱ्या वॉर्डनचा लोखंडी टोप लोमासच्या डोक्यावर नव्हता, हातात होता. ते पाहून ईनॉकने काडी फुंकून विझवली आणि तो उभा राहिला.

"सापडल्या," लोमास म्हणाला. "दोघीही."

रात्रभर शेफील्डवर जर्मन विमानांचे बाँब पडत होते. ईनॉकची बायको अ‍ॅनिस टॅनर्स हिलवर तिच्या आईकडे होती. म्हातारीचे पाय गेले होते, तरी स्वतःचं घर सोडून लेकीकडे यायला ती तयार नव्हती. म्हणून मग लेकच रोज संध्याकाळी तिकडे जायची, आईला तळघरातल्या खाटेवर निजवायची आणि तिथेच खुर्चीत बसून विणकाम करायची. काल निघताना ती ईनॉकला म्हणाली होती की, आग विझवायच्या वाळूच्या बादलीवर फळी ठेव, बोका पुन्हा त्यात घाण करून गेलाय. ईनॉकने फळी ठेवली होती.

लोमासच्या भुवयांमध्ये विटांची धूळ बसली होती. बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. उभ्याउभ्याच सांगत राहिला, की घर सगळं खाली आलं, जिना बुजला, पण तळघराचं छत टिकलं होतं.

"छत टिकलं," ईनॉक म्हणाला. "मग?"

शेजारच्या लाकडाच्या वखारीला आग लागली होती. धूर रस्त्यावरून कोळसा टाकायच्या झडपेतून तळघरात उतरला. दोघी तशाच गेल्या, अंगावर ओरखडा नव्हता.

"शेजारच्या तळघरात जायची वाट होती ना? रूबेनने केली होती."

रूबेन हा अ‍ॅनिसचा गवंडी भाऊ; दोन तळघरांमधल्या भिंतीत भगदाड पाडून, वेळ आली की फोडता येतील अशा विटांनी ते बुजवायचं काम त्याने केलं होतं. लोमासने टोप या हातातून त्या हातात घेतला. "वाट होती. फुटली नाही."

"रूबेनला काय सांगितलंस?"

"छत बसलं आणि एका क्षणात गेल्या, असं. त्याच्यासमोर दुसरं तोंडातून निघेना."

"बरं केलंस," ईनॉक म्हणाला. त्याने कोट चढवला आणि तो टॅनर्स हिलवर गेला.

अ‍ॅनिसला नेऊन ठेवलं होतं तिथे तो आधी गेला. तिथून निघाल्यावर तो त्या घराकडे गेला. दोरी बांधलेली होती, पण कुणी अडवलं नाही. लोकांनी उकरून तळघर उघडं केलं होतं. उतारावरच्या साऱ्या रांगेत सरळ अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्या तळघरातला भिंतीचा तुकडा, माणूस ओणवा होऊन जाईल एवढ्या रुंदीचा. विटा एका रेषेत होत्या. विटांमधल्या दरजा सिमेंटने भरून, थापीच्या टोकाने गुळगुळीत केलेल्या होत्या. दोन-तीन विटांचे टवके उडाले होते आणि खाली हातोडी पडली होती. दरज एकही हललेली नव्हती.

ईनॉक तिथे बराच वेळ उभा राहिला. मग त्याच्या मनात जो विचार आला त्याची त्याला स्वतःलाच लाज वाटली, पण तो आला आणि गेला नाही. आपल्या तळघरात याच हाताची भिंत आहे, आणि आपली मुलगी थर्झा तिच्या दोन लेकींना घेऊन रोज रात्री तिच्याशेजारी झोपते.

*

दफन मंगळवारी झालं. मायलेकींना एकाच खड्ड्यात ठेवलं. दफनानंतरच्या जेवणासाठी हॅमची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, सोय ईनॉकच्या थोरल्या बहिणीने, हेप्सीने केली. डर्बीशायरात तिच्या नात्यातल्या कुणाकडे डुकरं होती आणि रेशनच्या कुपनांचं काय झालं ते तिला कुणी विचारलं नाही. स्टॅनिफोर्थांच्या घरातलं माणूस हॅमशिवाय पुरलं असं चॅपलमध्ये कुणी म्हणता कामा नये, एवढंच तिने बजावलं होतं. तिला कमी ऐकू येत असल्यामुळे हे बजावणं दोन घरं पलीकडे ऐकू गेलं होतं.

दुपारी शेजारीपाजारी चहा घेऊन गेले. पुढच्या खोलीत घरचीच पाच माणसं उरली. ईनॉक, त्याची मुलगी थर्झा, हेप्सी, आणि लागून असलेल्या घरात राहणारी दोघं: अ‍ॅनिसचा धाकटा भाऊ रूबेन आणि त्याची बायको सेलिना. थर्झाचा नवरा आरमारात होता. तिच्या दोन्ही मुली वरच्या खोलीत झोपवल्या होत्या. या खोलीत एरवी नाताळशिवाय कुणी बसत नसे. बाँबने फुटून उडू नयेत म्हणून खिडकीच्या काचांवर अ‍ॅनिसने चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या, तिरप्या आणि अगदी सारख्या अंतराच्या.

बोलणं कुठूनही सुरू झालं तरी बाँबकडेच वळत होतं. कुठे लपावं यावर या घरात कधीच एकमत झालं नव्हतं. सरकारची सूचनांची पुस्तिका घरोघर आली तेव्हापासून हा वाद चालू होता आणि आज तो चालला हे सगळ्यांना बरंच वाटत होतं. सेलिना रूबेनबरोबर तळघरात झोपत असली तरी तिचा भरवसा जिन्याखालच्या कपाटावर होता. टॅनर्स हिलखालच्या गल्लीत निम्म्या घरांचे जिने तेवढे उभे राहिलेत, हे तिने स्वतः पाहिलं होतं. थर्झा म्हणाली की हे सगळं गेलं खड्ड्यात, ती मुलींना घेऊन डर्बीशायरला जाणार. डर्बीशायर हा शब्द हेप्सीला ऐकू आला आणि तिने ठणकावून सांगितलं की तिकडे डुकरंच बरी, माणसं नकोत, तिच्या त्या नातलगाच्या बायकोच्या हाताखाली आठवडाभर राहण्यापेक्षा बाँब परवडला. ती स्वतः शिसवी टेबलाखाली झोपत असे. गॅसचा मुखवटा ती उशाशी ठेवायची, पण तोंडाला लावायची नाही, कारण तो लावला की दातांची कवळी निसटायची.

"आईने सांगितलेलं सगळं आपण केलं," थर्झा म्हणाली. "बादल्या, वाळू, शिट्टी, दाराशी बोचकं, गॅसचा नळ बंद. तिने स्वतः तर एकूण एक गोष्ट केली. काय उपयोग झाला?"

 तेव्हा रूबेन बोलला. तो सकाळपासून बोलला नव्हता. दफनाच्या वेळीही नुसता हातांकडे बघत उभा होता. धिप्पाड माणूस, गवंड्याचे हात, आणि त्या हातांचं आज काय करावं हे त्याला समजत नव्हतं.

"मी काल जाऊन आलो तिकडे," तो म्हणाला. "सगळं गेलंय. पण माझी भिंत उभी आहे. ओळंबा लावून पाहा हवं तर, केसभर हललेली नाही. लोक थांबून बघत होते." त्याचा आवाज जरा सावरला. "आईच्या घरचं म्हणून मी जास्त मन लावून केलं होतं. दोघी छताखाली गेल्या, ते माझ्या हातात नव्हतं. पण माझ्या हातचं होतं ते टिकलं."

सेलिनाने त्याच्या बाहीवर हात ठेवला. चार दिवसांत तो पहिल्यांदाच एवढं बोलला होता.

ईनॉकने कप खाली ठेवला. आजच बोलावं लागणार हे त्याला ठाऊक होतं, आणि कसं बोलावं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. ठरवून बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"रूबेन," तो म्हणाला, "आपल्या तळघरातली वाट मला आज फोडायची आहे. अंधार पडायच्या आत. पुन्हा कच्ची लावायची."

*

त्यावर जो गोंधळ झाला त्यात कोण कुणाच्या बाजूने आहे हे काही वेळ कुणालाच कळलं नाही. थर्झा बापावर उखडली. आज, आईला पुरून आल्यावर, अंगावर काळे कपडे असताना, विटा फोडायच्या? मुलींना रात्री त्या धुळीत झोपवायचं? सेलिनाने तिची री ओढली, आणि या दोघींचं एकमत झाल्याचं पाहून हेप्सीलाही नवल वाटलं. मागच्या वर्षी म्हातारीच्या कपाटावरून झालेल्या भांडणानंतर त्या एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हत्या. हेप्सीला मात्र कोळसा फोडायचा आहे असं ऐकू आलं होतं आणि तिने भावाची बाजू घेतली: थंडी फार आहे, फोडाच.

रूबेन रागावला नाही. तो हसला, आणि ते हसू ईनॉकला रागापेक्षा अवघड गेलं. तो म्हणाला की कच्चं काम हे शब्द त्याच्या बापाच्या घरात शिवी म्हणून वापरले जात. पुस्तिकेत कच्च्या चुन्यात विटा ठेवा म्हणून लिहिलंय ते लिहिणाऱ्याने कधी थापी धरलेली नसणार. हलणारी वीट ही भिंत नव्हे. इथून चॅपलपर्यंतच्या सगळ्या घरांच्या वाटा त्याने बुजवल्या, पावसाळी संध्याकाळी, एका ग्लास बिअरवर, आणि त्यातली एकही त्याला मान खाली घालायला लावणार नाही. सिमेंट तर त्याने पदरचं घातलं.

"तेच तर," ईनॉक म्हणाला.

तो कप उचलून मागे मोरीत गेला. सेलिना उरलेल्या बश्या घेऊन त्याच्या पाठोपाठ आली आणि तिने दार लोटलं. सेलिना बारीक चणीची होती, बोलायला तिखट. अ‍ॅनिसशी ती आयुष्यभर भांडली होती आणि चार दिवस तिच्यासाठी रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुला काय माहीत आहे?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"ईनॉक, मला वेड्यात काढू नकोस. तू शुक्रवारपासून रूबेनच्या तोंडाकडे बघत नाहीयेस. आणि आज भिंत फोडायची म्हणतोस."

ईनॉकने सांगितलं. सगळं सांगितलं: छत, धूर, टवके, खाली पडलेली हातोडी. त्याला फार शब्द लागले नाहीत. सेलिना मोरीच्या काठाला धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने नळ सोडला, हात धुतले, आणि मग परत धुतले.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की हे त्याला कळता कामा नये. तो रात्री झोपत नाही. उठून अंगणात जातो आणि थापी घासत बसतो. ती भिंत उभी आहे, एवढ्यावर तो सकाळी उठतो. ते काढून घेतलं तर तो पुन्हा थापी धरणार नाही, आणि कदाचित त्याहून वाईट काही करेल.

"मी आपणहून सांगणार नाही," ईनॉक म्हणाला.

"शपथ घे."

"शपथ कशाला. सांगणार नाही म्हणजे नाही. पण त्याने समोरासमोर विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, सेलिना. मला ते येत नाही. आणि भिंत आज जाणार. खाली माझ्या नाती झोपतात. पलीकडे तूही झोपतेस."

 सेलिनाने बश्या पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं, दार उघडलं आणि पुढच्या खोलीत जाऊन नवऱ्याला म्हणाली की ईनॉकचं बरोबर आहे. तिला स्वतःला तळघरात कोंडल्यासारखं होतं. ती एवढीशी बाई, रूबेन कामावर असताना काही झालं तर त्या भिंतीपुढे ती काय करणार. थर्झा आ वासून बघत राहिली. आत्ता आत्तापर्यंत मामी तिच्या बाजूला होती.

"तू पण?" रूबेनने बायकोला विचारलं.

"मी पण," सेलिना म्हणाली.

*

तळघरात उतरायच्या पायऱ्या अरुंद होत्या. ईनॉकने कंदील खिळ्याला अडकवला. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला अ‍ॅनिसने मांडलेला संसार: दोन खाटा, घोंगड्या, पाण्याचा झाकलेला हंडा, बिस्किटांचा डबा, मुलींसाठी कापडी बाहुली. समोर ती वाट. दोन्ही घरांमधल्या दगडी भिंतीत चौकोनी भगदाड पाडून ते विटांनी बुजवलेलं. शेजारी खुंटीला हातोडी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बाईमाणसाला पेलेल अशी.

रूबेन भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याने सवयीने दरजेवरून अंगठा फिरवला.

ईनॉक शब्दांचा माणूस नव्हता. तीस वर्षं तो सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यात धारेच्या चाकाशी बसला होता, आणि तिथे एखादं पातं चांगलं की वाईट यावर कुणी वाद घालत नसे. कापून बघत.

"थर्झा," तो म्हणाला, "ती हातोडी घे. मार."

"मी?"

"पुस्तिकेत लिहिलंय, बाईला फोडता आली पाहिजे. तू मार. मामाची भिंत तुला फुटली तर माझं तोंड बंद. मग मामाला हवी तशीच पुन्हा बांधू दे."

थर्झाने काळ्या पोशाखाच्या बाह्या वर केल्या. ती युद्धसामानाच्या कारखान्यात कामाला होती, दंड भरलेले होते. तिने हातोडी उगारली आणि घातली. ठण्ण झालं. विटेचा बारीक टवका उडाला. तिने परत घातली, परत त्याच जागी. पायऱ्यांवर उभी असलेली हेप्सी म्हणाली की मनगटातून मारू नकोस, खांद्यातून मार. थर्झाने खांद्यातून मारली. मग ती मारतच राहिली, ओठ आवळून, केस सुटेपर्यंत.

पहिले काही घाव रूबेन हसत बघत होता. ओठांच्या कोपऱ्यात तो अभिमान होता, कारागिराचा, जो लपवता येत नाही. "बघ," तो ईनॉकला म्हणाला. "दरज हलतेय का? नाही हलणार."

"नाही हलत," ईनॉक म्हणाला.

थर्झा थांबली. तिला धाप लागली होती. हातोडीचा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि तिचे तळवे सोलवटले होते. तिने भिंतीवर कपाळ टेकलं.

रूबेनचं हसू तिथेच राहिलं आणि मग नाहीसं झालं. ईनॉकने ते नाहीसं होताना पाहिलं. रूबेनने विटांवरचे टवके पाहिले. थर्झाच्या हातातली हातोडी पाहिली. त्याने टॅनर्स हिलवर जाऊन ती दुसरी भिंत जवळून पाहिली होती. टवके तिथेही होते. वरून काहीतरी पडून ते उडाले असतील, असं तो तिथे जमलेल्या लोकांना म्हणाला होता.

सेलिना पायऱ्या उतरून खाली आली. ती काही बोलणार होती, पण तिला उशीर झाला.

"ईनॉक," रूबेन म्हणाला. "तिकडे छत टिकलं होतं का?"

कंदिलाच्या काचेत वात फडफडत होती. ईनॉकने सेलिनाकडे पाहिलं नाही. त्याने रूबेनकडे पाहिलं, शुक्रवारनंतर पहिल्यांदाच नीट.

"टिकलं होतं."

"मग कशाने?"

"धुराने."

रूबेनने मान हलवली. एकदा, मग हळूहळू बऱ्याच वेळा. तो खाटेवर बसला. मुलींची बाहुली त्याच्याखाली आली, ती त्याने काढून उशीवर ठेवली. थर्झाने तोंडावर हात धरला होता. काय बोललं गेलं ते हेप्सीला ऐकू आलं नव्हतं, पण माणसं ओळखण्याइतकं तिचं वय होतं. ती पायऱ्यांवरच बसली.

"माझ्या हाताने," रूबेन म्हणाला.

ईनॉक त्याच्या शेजारी बसला. खाट करकरली.

"माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "मला उद्या मालकाने सांगितलं, ईनॉक, सरकारला बोथट सुऱ्या हव्यात, तर माझाही हात चालणार नाही. मी मान डोलवून येईन आणि चाकाशी बसलो की धारच लावेन. तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. तुझंही तेच झालं. तू आईसाठी तुझ्याजवळचं सगळ्यात चांगलं दिलंस. अ‍ॅनिसला ते ठाऊक होतं. ती मला म्हणाली होती, रूबेनने आईकडे इतकं छान काम केलंय की त्याच्यापुढे फडताळ ठेवायला जीव होत नाही."

"तिला कळलं असेल," रूबेन म्हणाला. "शेवटी. की माझी भिंत आहे."

"कळलं असेल."

सेलिनाने डोळे मिटले.

"मी तुला सांत्वन करायला खाली आणलेलं नाही," ईनॉक म्हणाला. "ते मला येत नाही, आणि माझं कुणी करावं असंही मला वाटत नाही. मी तुला आणलंय कारण ही भिंत मला एकट्याला फुटणार नाही. मोठा घण तुझ्याकडे आहे. अंधाराला फार वेळ नाही."

रूबेन उठला नाही.  वर मुलींपैकी एक जागी होऊन रडायला लागली. थर्झा जायला निघाली तर हेप्सीने तिला हाताने थांबवलं आणि ती स्वतः गुडघ्यांवर हात ठेवून उठली, वर गेली.

शेवटी रूबेन म्हणाला, "घण अंगणात आहे. पाण्याच्या पिंपामागे." आणि तो आणायला स्वतःच गेला.

*

भिंत फोडायला त्यालाही बराच वेळ लागला.  शेवटची वीट पलीकडे पडली तेव्हा सेलिनाच्या तळघरातली गार हवा आत आली. सेलिना आपल्या घरात जाऊन तिकडून उतरली होती. भगदाडातून तिचं तोंड दिसलं, कपाळावर धूळ.

आता चुना कमी आणि वाळू जास्त असा माल हवा होता, आणि तो ईनॉकने कालवला. रूबेनने थापी हातात घेतली. पहिली वीट त्याने ठेवली, दुसरी ठेवली, आणि तिसऱ्या विटेला त्याचा हात आपोआप मालात गेला, भरपूर घेऊन आला, विटेच्या चारी कडांना फिरला आणि दरज गच्च भरून मोकळा झाला. त्याने ते पाहिलं आणि थापी खाली ठेवली.

"दे इकडे," ईनॉक म्हणाला.

ईनॉकने जन्मात वीट लावली नव्हती. त्याची पहिलीच वीट वाकडी बसली. दुसरी बाहेर आली. रूबेन विटा पुरवत होता आणि प्रत्येक विटेला त्याचा चेहरा दुखल्यासारखा होत होता.

"ती बाहेर आलीय."

"येऊ दे."

"निदान तळाला ओळंबा..."

"रूबेन, विटा दे."

एकदा त्याचा हात सरळ करायला पुढे आलाच. ईनॉकने मनगट धरलं आणि बाजूला केलं, हळूच, जसं तापलेल्या शेगडीपासून लहान मुलाला करावं. हेप्सी लहान नातीला कडेवर घेऊन पायऱ्यांवर आली होती. तिने भिंतीकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की हे कुठल्या दारुड्याने लावलंय. थर्झा हसली. हसताना ती रडायला लागली आणि मग दोन्ही करत राहिली, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

वरची वीट कशीबशी बसली. ईनॉकने भिंतीवर थाप मारून पलीकडे हाक दिली. सेलिना तिकडून म्हणाली की बाजूला व्हा. एक घाव पडला, आणि अर्धी भिंत ईनॉकच्या बुटांवर कोसळली. सेलिना भगदाडातून डोकं काढून बघत होती, हातोडी हातात, आणि तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांत नव्हतं असं काहीतरी होतं.

"एकाच घावात," ती म्हणाली.

ईनॉक खाली वाकून विटा गोळा करू लागला. रूबेनने त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं.

"सरक. मी लावतो."

त्याने ओळंबा काढला नाही. दोरी लावली नाही. एकेक वीट तो नुसती टेकवत गेला, मध्ये चिमूटभर माल, कडा उघड्या. हात सवयीने मालाच्या घमेल्याकडे जायचा, तो त्याला परत आणायचा. त्याचा श्वास जोरात चालला होता, एवढ्या हलक्या कामाला नको तेवढा. बांधून झाल्यावर तो मागे सरला आणि त्याने भिंतीकडे पाहिलं. विटा दातांसारख्या पुढेमागे होत्या. त्याने दरजेवरून अंगठा फिरवला नाही.

"बापाने पाहिली असती तर मला घराबाहेर काढलं असतं," तो म्हणाला.

"चांगली झालीय," ईनॉक म्हणाला.

थर्झा खाटांवरची धूळ झटकू लागली. डर्बीशायरचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मुली आज इथेच झोपतील, असं ती कुणी न विचारता म्हणाली. हेप्सीने जाहीर केलं की तीही आज टेबल सोडून खाली येणार आहे, पण भिंतीच्या बाजूची खाट घेणार नाही, ती अंगावर पडेल.

रूबेन पायरीवर बसून थापी पुसत होता. ईनॉक त्याच्याजवळ गेला तेव्हा वर न पाहता तो म्हणाला की लोकांना सांगावं लागेल. प्रत्येक दाराशी जाऊन. ईनॉकने त्याला सांगितलं की मी बोलतो, तू नुसता बरोबर ये, लोमासलाही घेऊ.

"नाही," रूबेन म्हणाला. "मी बांधल्यात. मी सांगतो. तू ये, पण तोंड उघडू नकोस."

"काय सांगशील?"

रूबेनने थापीची दुसरी बाजू पुसायला घेतली. "की मी पक्कं काम केलंय," तो म्हणाला. "ते फोडायला आलोय."

वर सेलिना खिडक्यांना काळे पडदे लावत होती, दोन्ही घरांच्या. बाहेर उजेड संपत आला होता आणि आकाश निरभ्र होतं, बाँब टाकणाऱ्या विमानांना सोयीचं. आज एक भिंत झाली होती. तिथून चॅपलपर्यंतच्या बाकी सगळ्या अजून रूबेनने बांधल्या तशाच उभ्या होत्या.